सहा फुटी उशी

सरांनी उभा जन्म कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात घालवला, आणि त्या उभ्या जन्मात त्यांचं एक वाक्य पुरतं कुणी ऐकून घेतलं नाही. मुलं मागच्या बाकांवर पेंगायची, प्राचार्य मीटिंगमध्ये घड्याळाकडे बघायचे, आणि घरी सर महागाईबद्दल बोलू लागले की बायको मिक्सर सुरू करायची. निवृत्त झाल्यावर तर ऐकण्याचं सोंग करणारेही उरले नाहीत. मग सरांनी टीव्हीशी भांडायला सुरुवात केली. संध्याकाळच्या चर्चेत कुणी तूट आणि कर्ज यांची गल्लत केली की सर सोफ्यावरून उठून पडद्यापुढे बोट नाचवत.

"त्याला ऐकू जात नाही हो," बायको म्हणायची. "मला जातं."

अशात सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता एका वाहिनीवर चर्चेसाठी माणसं गोळा करायचा. त्यांचे नेहमीचे तज्ज्ञ घसा बसून घरी पडले होते, आणि संध्याकाळी 'सरकारच्या कामगिरीचा लेखाजोखा' होता. सरांनी ठेवणीतला कोट काढला, बायकोकडून इस्त्री करून घेतला आणि गेले.

चर्चेच्या निवेदकाला सगळे 'तोफ' म्हणत. त्याच्या एका बाजूला सरकार पक्षाचे प्रवक्ते बसले होते. त्यांच्या तोंडी सदैव आकडे असायचे आणि ते कुठून आले हे विचारलं की ते आणखी मोठे आकडे सांगायचे. त्यांचं नाव पडलं होतं आकडेबहाद्दर. दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाचे प्रवक्ते. पाऊस पडो, न पडो, भाव चढोत की उतरोत, त्यांचं प्रत्येक वाक्य 'सत्यानाश' या शब्दावर येऊन टेकायचं. म्हणून ते सत्यानाशवाले. सरांना मधल्या खुर्चीवर बसवलं. तासाभरात त्यांच्या वाट्याला "याला दोन बाजू आहेत, एक म्हणजे" एवढंच आलं. दुसरी बाजू सांगेपर्यंत जाहिराती लागल्या.

"सर," विद्यार्थी हळूच म्हणाला, "दोन बाजू नका सांगू. लोक चॅनल बदलतात."

पुढच्या खेपेला स्टुडिओवाल्यांनी सरांच्या कानात घातलेलं यंत्र सारखं शिट्टी मारत होतं. दोन्ही प्रवक्ते एकदम बोलत होते, तोफ त्यांच्याहून मोठ्यानं बोलत होता. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. सरांचं डोकं भणभणलं. त्यांनी ते यंत्र कानातून उपटलं, टेबलावर मूठ आपटली आणि ओरडले, "बंद करा! साफ खोटं आहे हे! लाज वाटली पाहिजे!"

स्टुडिओ चिडीचूप झाला. आकडेबहाद्दरांना वाटलं, हे सत्यानाशवाल्यांना म्हणाले. सत्यानाशवाल्यांना वाटलं, आकडेबहाद्दरांना म्हणाले. दोघांनीही समाधानानं माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीत दूधवाल्यापासून डॉक्टरापर्यंत सगळे सरांना थांबवून सांगू लागले, "काय हाणलंत हो त्यांना!" त्यांना म्हणजे कुणाला, हे ज्याचं त्यानं ठरवलं. सर निःपक्षपाती म्हणून प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास सरकारनं नवे करदर जाहीर केले. अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलं की झोप हा माणसाचा हक्क आहे, पण लोळणं ही चैन आहे. म्हणून उशीवर पाच टक्के कर आणि गादीवर अठरा. सरकारी बाकांनी बाकं वाजवली. विरोधी बाकांनी सभात्याग केला आणि बाहेर कॅमेऱ्यांपुढे सांगितलं की जनतेच्या पाठीखालची गादी काढून घेतली.

सरांनी त्या संध्याकाळी चर्चेत एकच मुद्दा लावून धरला. "उशी म्हणजे काय, हे कायद्यात कुठं लिहिलंय? व्याख्याच नाही! व्याख्येविना कर म्हणजे खांबाविना छप्पर!"

मुद्दा बिनतोड होता. सरकारनं तो तोडायच्या भानगडीत न पडता सरांनाच उचललं. आठवड्याच्या आत पत्र आलं: करसुलभीकरण समितीच्या बिछाने व तत्सम वस्तू उपसमितीवर सन्माननीय सदस्य म्हणून नेमणूक. येण्याजाण्याला गाडी, दारावर पाटी. सर पुढच्या चर्चेत बसले तेव्हा ते म्हणाले, "सरकारनं योग्य दिशेनं पाऊल टाकलंय, हे मान्य करायला हवं." सत्यानाशवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं लग्न मोडणाऱ्या मुलाकडे मुलीकडचे लोक पाहतात.

आता सरांच्या मेव्हण्याविषयी सांगायला हवं. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा गाद्याउशांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र, मध्ये फोमचे ठोकळे कापायचं टेबल, आणि दुसऱ्या टोकाला खिडकीखाली शिलाईमशीनवर बसणाऱ्या मावशी. कापसाचा भुगा सगळ्यांच्या भुवयांवर बसायचा, त्यामुळे तिथं काम करणारी तरणीताठी माणसंसुद्धा दुपारपर्यंत म्हातारी दिसायची. मेव्हण्याचे केस मात्र कायम काळे कुळकुळीत. बोलण्यात लोणी, चालण्यात घाई आणि डोक्यात दर वेळी काहीतरी नवीन. सर त्याला पाण्यात पाहत आणि तो सरांना देव मानत असल्याचं दाखवी.

नेमणूक झाल्याचं कळताच तो जेवायला आला. येताना सरांसाठी मानेची खास उशी घेऊन आला.

"ही परत ने," सर म्हणाले. "मी आता समितीवर आहे. माझ्याकडून कुणी कपभर चहाही पाजून काम करून घेऊ शकत नाही."

"भाऊजी, ही ताईसाठी आहे. तुम्ही नुसती बघा."

"माझ्या भावानं मला उशी दिली तर तुमची समिती काय करणार आहे?" बायकोनं विचारलं आणि उशी आत नेली.

जेवताना सरांना राहवलं नाही. उपसमितीनं पहिल्याच दिवशी व्याख्येचा मसुदा त्यांच्यावरच सोपवला होता, आणि तो त्यांनी पाठ करून ठेवला होता. भाजीचा चमचा तसाच हातात धरून त्यांनी तो म्हणून दाखवला. "उशी म्हणजे खोळीत भरलेली, मऊ, चार फुटांहून कमी लांबीची आणि जिच्यावर डोके टेकता येते अशी वस्तू."

"वा!" मेव्हणा म्हणाला. "एखाद्या कवितेसारखं आहे. फक्त ते चार फुटांचं जरा खटकतं."

"का?"

"नाही म्हणजे, मी काय, अडाणी माणूस. पण आजारी माणसाला कुशीत घ्यायला लांब उशी लागते. गरोदर बाईला लागते. उंच माणूस असला तर? भाऊजी, तुमच्यासारखा विद्वान गरोदर बायकांवर अठरा टक्के लावणार, हे मला तरी पटत नाही."

"मी कुठं लावतोय?" सर दचकले.

"तुम्ही नाही हो. ते चार फूट लावतायत."

सर विचारात पडले. खरं तर त्यांना त्याच क्षणी वास आला होता. तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेला माणूस होता तो. पण मेव्हणा त्यांचं म्हणणं लक्ष देऊन ऐकत होता, हातातला घास तसाच ठेवून ऐकत होता. असं ऐकणारा माणूस त्यांना या घरात पहिल्यांदाच भेटला होता. वरणभात संपेपर्यंत सरांनी स्वतःच स्वतःला पटवून दिलं की लांबीची अट ही अंमलबजावणीतल्या लवचिकतेला मारक आहे. 'लवचिकता' हा शब्द सापडल्यावर त्यांना फारच बरं वाटलं.

उपसमितीच्या बैठकीत अध्यक्षांचा डोळा लागला होता आणि बाकीच्यांचं लक्ष शेजारच्या खोलीतून येणाऱ्या जेवणाच्या वासाकडे होतं. सरांनी चार फूट गाळून व्याख्या वाचली. कुणीतरी "छान" म्हणालं. अध्यक्ष जागे झाले आणि म्हणाले, "एकमतानं."

ती व्याख्या कायद्यात गेली, आणि त्यावर महिना दीड महिना गेला असेल. सरांना बायकोनं कारखान्यातून काही आणायला पाठवलं, म्हणून ते शेडमध्ये शिरले आणि दारातच थबकले. भिंतीला टेकून ओळीनं गाद्या उभ्या होत्या. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चारही कडांना जाड शिवण. आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत छापलेलं: 'उशी'.

"हे काय आहे?" सरांचा आवाज चिरकला.

"उशी," मेव्हणा म्हणाला. "भाऊजी, मऊ आहे, खोळीत आहे, आणि डोकं टेकता येतं. टेकवून बघा ना!"

"अरे, ही गादी आहे!"

"असं तुम्ही म्हणता. कायदा काही तसं म्हणत नाही."

"डोकं टेकता येतं, पण बाकीचा माणूसही तिच्यावरच मावतो!"

"बाकीच्या माणसाबद्दल तुमच्या व्याख्येत काहीच नाहीये," मेव्हणा नम्रपणे म्हणाला. "आणि मी एकटाच नाही करत. सगळा बाजार करतोय. त्या चौकातल्यानं तर डबल उशी काढलीय, नवरा-बायकोसाठी."

खिडकीपाशी मावशी मशीनवर झपाट्यानं कडा मारत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "साहेब, काम लई वाढलंय बघा. माझ्या सुनेलाही लावून घेतलंय. चांगलं केलंत तुम्ही."

सर तडक घरी आले. पत्र लिहून समितीला कळवावं, असं त्यांनी ठरवलं. मग पत्रात व्याख्या कुणी लिहिली हेही येणार, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ठरवलं की जरा वाट पाहावी. बाजार आपोआप समतोल साधतो, असं ते स्वतःच शिकवत आले होते.

बाजारानं कसला समतोल साधला नाही. सरकारच्या खात्यानं मात्र तिमाही आकडे काढले. देशात उशांचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं होतं आणि गाद्यांचं जवळपास बंद पडलं होतं. दोन्ही पक्षांना सोन्याची खाणच लागली. सरकार पक्षानं चौकाचौकांत फलक लावले: 'आज प्रत्येक डोक्याखाली उशी!' विरोधी पक्षानं मोर्चा काढला. पुढच्या रांगेतल्या कार्यकर्त्यांनी गुंडाळलेली गादी तिरडीसारखी खांद्यावर घेतली होती आणि ते 'गादी उद्योग अमर रहे' म्हणत होते. ती गादी कुठून आणली होती, तर मेव्हण्याकडून. पावतीवर उशी होती.

मग तोफेनं विशेष चर्चा ठेवली आणि सरांना बोलावलं. ताप असल्याचं सांगावं, असं सरांच्या मनात आलं. पण बायको म्हणाली, "जा. एरवी मला सांगत असता ना सगळं. आता तिथं सांगा." तिला सगळं कळलं होतं. मेव्हणा तिचाच भाऊ, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहायची नाही.

सर स्टुडिओत पोचले तर मधोमध, दिव्यांच्या झोतात, जमिनीवर ती अंथरलेली. सहा फूट बाय तीन फूट. आणि बाजूला, नवीन शर्ट घालून, केसांना तेल लावून, मेव्हणा उभा.

"तू इथं काय करतोयस?"

"माल घेऊन आलोय," मेव्हणा कुजबुजला. "फुकट जाहिरात आहे, भाऊजी. सोडतो होय?"

चर्चा सुरू झाली. आकडेबहाद्दरांनी उशांच्या वाढीचा आकडा सांगितला. सत्यानाशवाल्यांनी गाद्यांच्या घसरणीचा आकडा सांगितला आणि तो कुठून आला हे विचारल्यावर सरकारचाच असल्याचं सांगितलं. तोफ गरजला, "लोकांना आकडे नकोत! लोकांना सत्य हवं! ही उशी आहे की गादी?"

"उशी आहे!" असं म्हणत आकडेबहाद्दर खुर्चीवरून उठले, जमिनीवर गुडघे टेकले आणि त्यांनी तिच्या एका टोकावर डोकं ठेवून दाखवलं. बाकीचं धड त्यांनी निश्चयानं फरशीवर ठेवलं होतं.

"गादी आहे!" सत्यानाशवाल्यांनी चपला काढल्या आणि ते तिच्यावर सपशेल आडवे झाले. पण एका बाजूला आकडेबहाद्दरांचं डोकं होतं. सत्यानाशवाल्यांना पाय लांब करता येईनात. त्यांनी कोपरानं ते डोकं सरकवलं. आकडेबहाद्दरांनी सरकण्याऐवजी धडही वर चढवलं. बघता बघता दोघं एकाच अंथरुणावर शेजारी शेजारी, एकमेकांना ढोसण्या देत, छताकडे बघून ओरडू लागले. देशातल्या घराघरांत लोकांनी रिमोट खाली ठेवले.

"सर!" तोफेचा आवाज आनंदानं फाटला. "तुम्हीच निर्णय द्या!"

सरांनी खाली पडलेल्या दोघांकडे पाहिलं. कधी नव्हे ती स्टुडिओत शांतता झाली होती. सगळे त्यांचं ऐकायला थांबले होते. सरांना भरून आलं आणि त्या भरात ते खरं बोलून गेले. "ही गादी आहे. कालपर्यंत ती गादी होती, आजही आहे. उशा वाढल्या नाहीत आणि गाद्या बुडाल्या नाहीत. फक्त नाव बदललंय. हे दोघं एकाच वस्तूचे दोन आकडे घेऊन भांडतायत, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे."

शांतता टिकली, पण फार नाही. सत्यानाशवाले कोपरावर रेलून म्हणाले, "मग उशीची ही अशी व्याख्या केली कुणी?"

सरांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात तोफ मेव्हण्याकडे वळला. "तुम्ही उत्पादक. ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

कॅमेरा मेव्हण्यावर आला. तो आयुष्यात पहिल्यांदाच टीव्हीवर दिसत होता आणि सगळं गणगोत बघत होतं. त्यानं हात जोडले, छाती काढली आणि सरांकडे बोट दाखवून तो कृतज्ञतेनं म्हणाला, "सगळी भाऊजींची कृपा! त्यांनी आमच्या शब्दाखातर चार फूट काढले, म्हणून तर आज हे दिवस!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुसऱ्या दिवशी सरकार पक्षानं जाहीर केलं की सदर सदस्य विरोधकांनी समितीत घुसवले होते. विरोधी पक्षानं जाहीर केलं की सदर सदस्य सरकारचे लाडके होते. सरांचं बोलणं दोघांनीही अर्धं अर्धं कापून दाखवलं. एकाकडे "गाद्या बुडाल्या नाहीत" एवढंच होतं आणि दुसऱ्याकडे "उशा वाढल्या नाहीत" एवढंच. गाडी बंद झाली, पाटी निघाली. दूधवाला आता "काय हाणलंत हो" म्हणेनासा झाला. नुसता दूध ठेवायचा आणि हसू दाबत पुढे जायचा.

आणि मग सुलभीकरण झालं. उशी काय नि गादी काय, डोकं टेको की पाठ, सगळ्यावर सरसकट अठरा टक्के. सरकार पक्षानं फटाके फोडले: करप्रणाली सोपी केली. विरोधी पक्षानंही फटाके फोडले: पळवाट बंद करायला आम्ही भाग पाडलं. त्या संध्याकाळच्या चर्चेत दोघं अगदी गोडीगुलाबीनं बोलले, फक्त श्रेय कुणाचं यावर थोडी बाचाबाची झाली. मधल्या खुर्चीवर एक तरुण तज्ज्ञ होता. त्याला आवाज चांगला होता.

हा सगळा गोंधळ चालू असताना एका सकाळी सरांच्या दारावर थाप पडली. मावशी होत्या. केसांवर कापूस नव्हता, त्यामुळे सरांनी त्यांना पटकन ओळखलंच नाही.

"शेड बंद आहे," मावशी म्हणाल्या. "सुनेला तर आधीच घरी बसवलं. मालक फोन उचलत नाहीत. म्हटलं, तुम्हाला विचारावं. तुम्ही त्या समितीत होतात ना?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली. "त्याचं असं आहे मावशी, की करदर एकसमान झाला की सुरुवातीला मागणी थोडी आकसते. पण दीर्घकाळात..."

"सोमवारी कामावर यायचं का नाही, तेवढं सांगा."

सरांना ते सांगता आलं नाही. इतक्या वर्षांत इतका साधा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, की त्यांनीच कुणाला विचारू दिला नव्हता, कोण जाणे. बायकोनं चहाचा कप मावशींच्या हातात दिला आणि सरांना म्हणाली, "अहो, बोला की. एरवी थांबवावं लागतं तुम्हाला."

"मला माहीत नाही," सर शेवटी म्हणाले.

मावशींनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि त्या निघाल्या. फाटकाशीच त्यांना मेव्हणा भेटला. तो धावतपळत, काखेत काहीतरी गुंडाळून, आत येत होता. त्यांना परत फिरवूनच तो घरात शिरला.

"मावशी, बरं झालं भेटलात! भाऊजी, हे बघा!" त्यानं गुंडाळी जमिनीवर सोडली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. पण एका कडेला चेन लावलेली आणि वर दोन बंद शिवलेले. "पिशवी! पिशव्यांवर अजून पाचच टक्के आहेत. झोपायची पिशवी म्हणायचं हिला. खांद्याला लावता येते, बघा!"

त्यानं बंद खांद्यात अडकवून दाखवले. ती पुढून लोंबली आणि तो तिच्यामागे दिसेनासा झाला.

"पिशवी कशाला म्हणायचं, ते ठरवणारी समिती कुठली हो?" आतून त्याचा आवाज आला. "तिथं तुमच्या ओळखीचं कुणी असेलच."

सर उठले. बायकोला वाटलं, आता हे ओरडणार. पण सरांनी चष्मा लावला, खाली वाकून चेन ओढून पाहिली आणि अडखळत म्हणाले, "हिला तोंड फार लहान आहे. एवढ्यानं पिशवी ठरणार नाही. अर्ध्यापर्यंत उघडायला हवी." मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

मावशींनी कमरेला खोचलेली मापाची फीत काढली, कडेला लावली आणि मेव्हण्याला विचारलं, "सुनेलाही आणू का मग सोमवारी?"